राउंडच्या चादरी

अख्खं हॉस्पिटल त्यांना कोपरा सिस्टर म्हणायचं. तोंडावर नाही हं, तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती! पण पाठ वळली की वॉर्डातले मामा, मावशी, नवे डॉक्टर, लिफ्टवाला, सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. सिस्टरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. चादरीचा कोपरा खोचावा तर त्यांनीच. गादीखाली हात गेला की एका झटक्यात पाकिटाच्या तोंडासारखी तिरपी घडी पडायची आणि चादर अशी ताणून बसायची, की पेशंट तिच्यावर बसतानाही बिचकायचा.

पुरुषांच्या मेडिकल वॉर्डच्या त्या इन्चार्ज. नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्याआधी काही वर्षं नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायला होत्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना खाट लावायला शिकवता शिकवता रडवायच्या. "खाट बघितली की सिस्टर कळते," असं त्यांचं म्हणणं. पगार, बढत्या, मोर्चे, संघटना ही सगळी त्यांच्या लेखी बाहेरची घाण. नर्सने ती चपलांसारखी दारात काढून यायची. संघटनेच्या मुली निवेदनावर सही मागायला आल्या, की सिस्टर चष्मा पुसत म्हणायच्या, "मला पेशंट आहेत बाई. तुम्हाला नाहीत का?" पोरी निमूट परत जायच्या.

आणि वॉर्ड कसा होता म्हणाल, तर खचाखच. जेवढे खाटांवर तेवढेच खाली, दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून. सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. रात्री एवढ्या सगळ्यांना मिळून एक सिस्टर. पण सिस्टरांच्या वॉर्डात राउंड आला की साहेब लोक खूश होऊन जायचे. कसे काय, तर वॉर्डाच्या टोकाला स्टोअरमध्ये एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात राउंडच्या चादरी होत्या.

बाहेरच्या माणसाला हे जरा सांगायला हवं. रोजच्या चादरी वेगळ्या, धुऊन धुऊन पिवळ्या पडलेल्या, औषधाचे डाग हाडीमासी मुरलेल्या. राउंडच्या चादरी पांढऱ्याशुभ्र, कडक, आणि कुठल्याही पेशंटच्या अंगाखाली त्या एक रात्रही निजलेल्या नाहीत. मोठं कुणी बघायला यायचं असलं की बाहेर निघायच्या आणि पाहुणे लिफ्टमध्ये शिरले की परत कपाटात. तेवढ्या वेळापुरते खालचे पेशंट एक्स-रेच्या बाकांवर नेऊन बसवायचे आणि गाद्या गच्चीच्या जिन्यात रचायच्या. प्रत्येक इन्चार्जचं असं एक कपाट असायचं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. सिस्टरांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या युनिफॉर्मच्या पिनेला लटकायची.

आता टकळीचं सांगतो. टकळी हे सिस्टरांनीच ठेवलेलं नाव. पहिल्या वर्षाला असताना ही मुलगी तोंड मिटून बसेल तर शपथ! खाट लावायच्या तासालाच तिने विचारलं होतं, "सिस्टर, कोपरा इतका घट्ट खोचला तर पेशंटने पाय कसे हलवायचे?" वर्ग फिसकन हसला. सिस्टर म्हणाल्या, "राउंडला पाय बघत नाहीत, कोपरा बघतात. खोच." पोरीने खोचला, आणि पहिल्याच वर्षात सिस्टरांच्या खालोखाल हात तिचाच बसला. पुढे नोकरी करता करता ती पदवी शिकली, जाडजाड पुस्तकं वाचायला लागली, नियम तोंडपाठ करायला लागली, आणि कर्म आमचं, नर्सेसच्या संघटनेची सेक्रेटरी झाली. "हिला शिकवून मी पाप केलं," असं सिस्टर नवऱ्याला सांगायच्या. पण सांगताना चेहरा असा फुललेला, की नवरा हसायचा. तो बसडेपोतून फोरमन म्हणून रिटायर झालेला. संघटना त्याने जन्मभर जवळून बघितलेली.

तर टकळी सिस्टरांच्याच वॉर्डात होती, आणि एका पहाटे, रात्रपाळी संपत आलेली असताना, तिच्या ड्यूटीवर एक आजोबा खाटेवरून उठायला गेले आणि पडले. खुबा मोडला. आजोबांच्या मुलांनी आरडाओरडा केला, तो साहजिकच होता. वरच्यांनी टकळीला निष्काळजीपणाचा ठपका ठेवून घरी बसवलं. संघटना उसळली. एवढा वॉर्ड एकट्या पोरीच्या गळ्यात बांधता आणि वर तिलाच शिक्षा? शेवटी समिती नेमली गेली. समिती वॉर्ड डोळ्यांनी बघणार, इन्चार्जला विचारणार, आणि ठरवणार की दोष माणसं कमी असण्याचा, की पोरीचा. तिची नोकरी ह्या एका भेटीवर टांगलेली.

भेटीच्या आधी टकळी सिस्टरांच्या घरी आली. चहा पुढ्यात गार झाला तरी तिने हात लावला नाही.

"सिस्टर, एक मागायला आलेय. नाही म्हणू नका."

"आधी बोल तर खरं. पैसेबिसे नाहीत हं माझ्याकडे," सिस्टर गमतीने म्हणाल्या.

"समिती येईल त्या दिवशी काही करू नका."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काहीच. खालचे पेशंट खालीच राहू देत. कपाट उघडू नका. रोज जसा असतो तसा वॉर्ड बघू दे त्यांना. फक्त एक दिवस."

सिस्टरांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे घाण दाखवायची पाहुण्यांना?"

"घाण नाही हो. आहे ते."

"हे तुमचं राजकारण झालं. नर्सचं काम..."

"राजकारण तर राजकारण," टकळी म्हणाली. "आपण नाही केलं तर दुसरे आपल्यावर करतात. माझ्यावर झालंच की."

नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय."

सिस्टरांनी दोघांकडे बघितलं. "बरं बाई. नाही उघडत कपाट."

"नक्की?"

"लहान आहेस का? सांगितलं ना एकदा!"

टकळीने तेव्हा कुठे चहा घेतला, आणि मग जी टकळी सुरू झाली ती चपला घालेपर्यंत. सिस्टरांनाही बरं वाटलं. आपला शब्द म्हणजे शब्द, असं त्यांना तोवर स्वतःबद्दल खरंच वाटत होतं.

समितीच्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर वॉर्डात गेल्या. नुसतं बघायला म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. तिथे मेट्रनबाईंचा फोन आला. समितीचे अध्यक्ष बडे डॉक्टर आहेत म्हणे. सिस्टरांच्या हातातला रिसीव्हर हातातच राहिला.

बडे डॉक्टर पूर्वी ह्याच वॉर्डात होते, तेव्हा ते बडेबिडे नव्हते. एकदा विद्यार्थी घेऊन आले आणि दारातच थांबून म्हणाले, "बघा रे. वॉर्ड असा असतो." बस, एवढंच. पण सिस्टरांच्या आयुष्यात त्यांच्या कामाला असं कुणी, कधी, चारचौघांत म्हटलेलं नव्हतं. घरी नाही, दारी नाही. त्या एका वाक्यावर ह्या बाईने इतकी वर्षं काढली. आणि आता तोच माणूस येणार आणि काय बघणार? दाराशीच पिवळी चादर, तिच्यावर चहाचा डाग, आणि खाली गादीवर पाय सुजलेला गवंडी तोंड वासून निजलेला.

फक्त दारातली एक खाट, असं त्यांनी मनाशी म्हटलं. एका खाटेने काय होतंय! किल्ली काढली, कपाट उघडलं, दारातली खाट लावली. मागे सरून बघितली. छान दिसत होती. पण आता तिच्या शेजारची खाट आधी होती त्याहून मळकी दिसायला लागली. ती लावली. मग तिसरी. मावशी बादली घेऊन आल्या त्या तिथेच थबकल्या.

"अहो सिस्टर, आपल्या सेक्रेटरीबाई तर म्हणाल्या होत्या की..."

"तुम्ही गप बसा. हात चालवा."

मावशी गप बसल्या. आमच्याकडे गप बसायला वेळ लागत नाही. बघता बघता गाद्या जिन्यात गेल्या आणि खालचे पेशंट एक्स-रेच्या बाकांकडे निघाले. गवंडी लंगडत जाता जाता म्हणाला, "माझा एक्स-रे झाला की हो काल."

"परत काढायचाय," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. टकळीची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण एकदा हात लागले की काम अर्धं टाकता येत नाही, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या.

बडे डॉक्टर आले. केस पांढरे झालेले, चाल तीच. सोबत एक अधिकारी आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या एक मेट्रन. संघटनेची म्हणून टकळीही मागून आली आणि दारातच थांबली. डॉक्टरांनी पहिल्या खाटेच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि हसले. "अजून तसाच आहे की!"

सिस्टर लाजल्या. ह्या वयात, अहो!

मग त्यांनी विचारलं, "माणसं कमी पडतात असं ऐकतो. तुमचं काय म्हणणं, सिस्टर? भागतं का?"

आता इथे नुसतं "नाही" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण त्या पांढऱ्याशुभ्र खाटांच्या मधोमध उभं राहून नाही म्हणायचं कसं? म्हणजे आपणच आपल्या कामावर पाणी ओतायचं. क्षणभर त्यांनी दाराकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"भागतं, सर," त्या म्हणाल्या. "भागवून घेतो."

अधिकाऱ्याने मान डोलावली. टकळी चादरींकडे बघत होती, एकेका खाटेकडे, शेवटच्या खाटेपर्यंत. मग तिने सिस्टरांकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेली. ती पोरगी काही बोलली नाही ह्याचा सिस्टरांना जो धसका बसला, तो तिने शिव्या दिल्या असत्या तरी बसला नसता.

घरी आल्यावर त्या नवऱ्याला सांगायला लागल्या, बडे डॉक्टर काय म्हणाले, कोपऱ्यावर बोट कसं फिरवलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तू कपाट उघडलंस."

"अरे पण..."

"तुझ्यापाशी येऊन मागितलं होतं गं तिने." एवढं बोलून तो गॅलरीत गेला आणि जेवायला हाक मारेपर्यंत आत आला नाही. सिस्टरांना वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

निकाल लागला. वॉर्ड आदर्श, माणसं पुरेशी, तसं खुद्द इन्चार्ज सिस्टरांनीच सांगितलेलं, तेव्हा दोष पोरीचा. टकळीला कामावरून काढायचं ठरलं. वर अपील करायची मुभा होती, तेवढाच धागा उरला. मेट्रनबाईंनी सिस्टरांचं अभिनंदन केलं. वॉर्डातल्या मुली मात्र एकदम अदबीने वागायला लागल्या. "हो सिस्टर", "नाही सिस्टर", बस. चहा त्या आता बाहेर जाऊन घ्यायच्या. सिस्टर एकट्या कप घेऊन बसायच्या आणि दोन घोट घेऊन ओतून द्यायच्या. कुणाच्या नजरेला नजर म्हणून देववत नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी त्या टकळीच्या घरी गेल्या. दार तिच्या आईने उघडलं आणि बाईंना ओळखल्यावर तिला काय करू नि काय नको झालं. "अगं बाई, सिस्टर तुम्ही! या, या. हिच्या तोंडी सारखं तुमचंच नाव असतं. तुमच्यासारखी खाट कुणाला लावता येत नाही म्हणते. तुम्ही पाठीशी आहात म्हणून धीर आहे बघा आम्हाला."

म्हणजे पोरीने घरी सांगितलंच नव्हतं. सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या. आई पाणी आणायला आत गेली तेव्हा टकळी समोर येऊन उभी राहिली.

"आईला कळू देऊ नका," ती हळू म्हणाली. "तिला उगाच त्रास."

"मी चुकले गं. मला..." सिस्टर सांगायला लागल्या.

"सिस्टर, तुम्हाला ठाऊकय, आजोबा पडले तेव्हा मी कुठे होते?"

"दुसऱ्या पेशंटपाशी. तसंच तू सांगितलंस ना?"

"सांगितलं तसं." टकळी चादरीसारखी ओढणी हातावर ताणत होती. "मी खाटा लावत होते. सकाळी तुम्ही यायच्या आत सगळे कोपरे बसलेले हवे असतात ना तुम्हाला, रात्रपाळीवालीने लावून ठेवलेले. तुम्ही हात फिरवून बघता. आजोबांनी हाक मारली. मी म्हटलं, आले, आले, एवढा एक कोपरा. त्यांच्याही पायांशी मी घट्ट खोचलं होतं. त्यांनी पाय ओढला, निघेना, जोर केला आणि..." ती थांबली. "हे समितीपुढे सांगितलं असतं तर माझं निम्मं ओझं उतरलं असतं. पण तुमचं नाव आलं असतं. म्हटलं, सिस्टरांना ह्यात ओढायचं नाही."

सिस्टरांना कानशिलात बसल्यासारखं झालं. आई पाणी घेऊन आली. ते त्यांनी घटाघटा प्यायलं, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. आई म्हणाली, "जेवूनच जा." सिस्टर नाही नाही म्हणत उठल्या आणि जिन्यात पायरी दिसेना म्हणून कठडा धरून उतरल्या. आपण जिला टकळी टकळी म्हणत आलो, ती एवढं मोठं पोटात ठेवून गप्प राहिली, आणि आपण, जन्मभर तोंड मिटून काम करणाऱ्या, नको तिथे नेमकं एक वाक्य बोललो.

अपिलाला सिस्टर स्वतः उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. वर अपील म्हणायचं, पण टेबलामागे बसलेले बडे डॉक्टरच. त्यांनी सगळं सांगितलं, कपाटाचं, जिन्यातल्या गाद्यांचं, एक्स-रेच्या बाकांचं.

"सर, भागत नाही. कधीच भागत नव्हतं. तुम्ही बघितलात तो वॉर्ड खरा नव्हता."

बडे डॉक्टर थकल्यासारखे हसले. "सिस्टर, संघटनेने तुमच्यावर दबाव आणलेला दिसतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय वॉर्ड. तुमचा वॉर्ड मी काय आजच ओळखतो?"

"मग आत्ता चला, सर. ह्या मिनिटाला."

"तपासणी एकदाच होते."

इतका हुबेहूब वॉर्ड उभा केला होता बाईने, की आता तिचं खरंसुद्धा कुणी धरेना. मग सिस्टरांनी कोपऱ्यांचं सांगितलं. पोरगी खाटा लावत होती ती माझ्या हुकमावरून, हाक ऐकूनही आली नाही ती माझ्या भीतीने, आणि आजोबांचा पाय अडकला तो मी शिकवलेल्या कोपऱ्यात. हे मात्र लगेच धरलं गेलं. स्वतःच्याच विरुद्ध सांगितलेलं लवकर पटतं लोकांना. टकळीची नोकरी वाचली, पण तिला दुसऱ्या वॉर्डात टाकलं. सिस्टरांना लेखी ताकीद मिळाली. आणि माणसं पुरेशी, हे जे सिस्टरांच्या तोंडचं वाक्य होतं, ते तसंच राहिलं. पुढे संघटनेने जेव्हा जेव्हा माणसं मागितली, तेव्हा तेव्हा तेच काढून दाखवलं गेलं.

टकळी नंतर आवारात भेटली की "बऱ्या आहात ना, सिस्टर?" एवढं विचारायची. थांबायची नाही. सिस्टरांनी संघटनेचं सभासदत्व घेतलं, मागच्या रांगेत बसायला लागल्या. शेजारची खुर्ची बऱ्याचदा रिकामीच असायची. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

पण अपिलाच्या त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. तिथून सिस्टर तडक वॉर्डात आल्या, पिनेची किल्ली काढली आणि स्टोअरमधलं कपाट उघडून राउंडच्या सगळ्या चादरी मावशींच्या हातांवर ठेवल्या.

"खालच्या गाद्यांवर घाला. आधी खालच्या. आणि कोपरे खोचायचे नाहीत, नुसत्या सोडा."

मावशींनी एकदा तोंडाकडे बघितलं आणि घालायला घेतल्या. सिस्टर स्वतः एक चादर झटकत गवंड्यापाशी आल्या, त्याच्या पायाची सूज अजून उतरली नव्हती, तर तो भिंतीला धरून उठायला लागलेला. त्याच्या पलीकडचाही उठला. त्याच्या पलीकडचा तर गादी गुंडाळायलाही लागला.

"अहो, उठताय कुठे?" सिस्टर म्हणाल्या.

"चादरी निघाल्या ना," गवंडी म्हणाला. "कोण यायचंय आज? आम्ही बसतो तिकडे एक्स-रेला."

"कुणी येणार नाहीये. ही तुमच्यासाठीच आहे. निजा."

सिस्टर खाली बसल्या, गादीवर चादर अंथरली, पायाकडची बाजू मोकळी सोडली. गवंड्याने मान हलवली, पण तो काही निजला नाही. सुजलेल्या पायावर तोल सावरत, आपली पिशवी छातीशी धरून, तो दाराकडे बघत उभा राहिला.